संतोष कोणास सांगावा?

कांहीं वर्षांपूर्वीं एका रविवारच्या मिस्सेंत आम्हीं संतोष या विषयावर प्रवचन केलें. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत द्रव्यलोभ टाकून जवळ असेल तेवढ्यांत तृप्त राहण्याचा जो उपदेश आहे, तोच आमचा आधार होता. प्रवचन बरें झालें, असें आमचें आम्हांसच वाटलें. मिस्सा संपल्यावर वेदीमागच्या खोलींत आम्ही उपासनेचीं वस्त्रें उतरवीत असतां धर्मग्रामांतील एक वृद्ध मावशी दारापाशीं येऊन उभी राहिली. नगर जिल्ह्यांतून पोटासाठीं पुण्यास आलेली आणि नारायण पेठेंतील एका घरीं धुणेंभांडीं करून निर्वाह करणारी ही बाई एरवीं फारशी बोलत नसे. ती म्हणाली, "फादर, मालकिणीनं तीन महिन्यांचा पगार दिला न्हाई. आज जाऊन मागनार व्हते. पर तुमी म्हनला, हाय त्यात समाधान माना. मंग आता मागू का नको?"

आम्ही निरुत्तर झालों. शास्त्राध्ययनांत इतकीं वर्षें घालविलेल्या मनुष्यास एका निरक्षर बाईनें एका वाक्यांत गप्प केलें. "मावशी, उद्यां सांगतों," एवढेंच म्हणून आम्हीं त्या दिवशीं तिला परत पाठविलें, हें येथें कबूल केलें पाहिजे. शास्त्रवचन खोटें नव्हतें, आमचें प्रवचनही खोटें नव्हतें. मग त्या प्रवचनानें पगार अडविणाऱ्या घराचा फायदा आणि कष्ट करणाऱ्या बाईचें नुकसान कसें होऊं पाहत होतें?

धर्मग्रामाच्या या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठीं आमच्याकडे लेख मागण्यांत आला, तेव्हां देऊळ, शाळा व मंडळें यांचा वृत्तांत इतर लेखक आमच्याहून चांगला सांगतील, असें जाणून आम्हीं मावशीच्या प्रश्नाचाच इतिहास लिहावयाचें ठरविलें. तो इतिहास जसा जुना आहे तसाच तो आपल्या या शहरांतलाही आहे.

प्रथम हें मान्य करूं कीं, लोभ व संतोष यांविषयींचीं शास्त्रवचनें वरवर वाचणारास परस्परविरुद्ध दिसतात. उद्योगी मनुष्याचे हात त्यास धनवान करितात आणि परमेश्वराच्या आशीर्वादानें संपत्ति लाभते, असें नीतिसूत्रांचा दहावा अध्याय सांगतो. उलट संत लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत प्रभु दरिद्री लोकांस धन्य म्हणतो आणि श्रीमंतांविषयीं हळहळतो. उन्हाळ्यांत धान्य सांठविणाऱ्या मुंगीपासून शीक, असें एक वचन. तर पांखरें पेरीत नाहींत, कोठारांत सांठवीतही नाहींत, तरी स्वर्गीय पिता त्यांस चारा देतो, असें दुसरें. योसेफानें मिसर देशांत सात वर्षें धान्य सांठविलें म्हणून तो शहाणा ठरला; शुभवर्तमानांतील धनिकानें मोठीं कोठारें बांधावयाचें मनांत आणिलें म्हणून तो मूर्ख ठरला. पैशानें सर्व कांहीं साधतें, असें उपदेशकाच्या दहाव्या अध्यायांत आहे. तर पैशावर जीव जडलेला मनुष्य पैशानें कधींच तृप्त होत नाहीं, असें त्याच ग्रंथाच्या पांचव्या अध्यायांत आहे. अशीं वचनें समोरासमोर मांडून कोणी शास्त्राचा उपहास करितात. दुसरे कोणी आपल्या सोयीचें वचन उचलतात आणि गैरसोयीचें ग्रंथांतच राहूं देतात. हे दुसरे लोक संख्येनें अधिक, आणि ते बहुधा आपल्यांतलेच असतात.

मावशीच्या प्रश्नास अगदीं लागून असलेली जोडी मात्र निराळीच आहे. यार्देनेच्या तीरावर बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्हीं काय करावें, असें विचारूं लागले. तेव्हां कोणास धाकदपटशा करूं नका, खोटे आरोप करूं नका आणि आपल्या पगारांत समाधानी असा, असें त्यानें त्यांस सांगितलें. हें संत लूकच्या तिसऱ्या अध्यायांत आहे. आणि संत याकोब आपल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत लिहितो कीं, शेतें कापणाऱ्या मजुरांची जी मजुरी तुम्हीं दाबून ठेविली ती ओरडत आहे, आणि तो आक्रोश सैन्यांच्या प्रभूच्या कानीं गेला आहे. एकीकडे पगारांत समाधान माना. दुसरीकडे अडविलेला पगार स्वर्गापर्यंत हांक मारितो. विरोध याहून उघड कोणता?

परंतु वाचकांनीं एवढेंच पाहावें कीं, योहान शिपायाशीं बोलत आहे आणि याकोब धन्याशीं. शिपायांनीं समाधानी असावें, सबब त्यांचा पगार अडविण्यास हरकत नाहीं, असें योहान कोणाही धन्यास सांगत नाहीं. वचन काय सांगतें हें पाहण्याच्या आधीं तें कोणास सांगितलें आहे हें पाहावें, म्हणजे पुष्कळ गांठी आपोआप सुटतात. मुंगीचें वचन आळशास सांगितलें आहे. तसें त्या वचनांतच स्पष्ट म्हटलें आहे. पांखरांचें वचन चिंतेनें पोखरलेल्यांस सांगितलें आहे. योसेफानें जें सांठविलें तें दुष्काळांत लोकांच्या मुखीं जावें म्हणून; त्या धनिकाच्या मनांत मात्र माझें पीक, माझीं कोठारें, माझें धान्य यांपलीकडे दुसरें माणूसच नव्हतें. औषध एकाचें आणि दिलें दुसऱ्यास, तर दोष वैद्याच्या चिठ्ठीचा नव्हे.

आतां मावशी जेथें कामास जात असे त्या पेठेकडे वळूं. मुठेच्या कांठची नारायण पेठ आज केसरीवाड्यामुळें व मोदी गणपतीमुळें सर्वांच्या परिचयाची आहे. तिला नांव मिळालें तें नारायणराव पेशव्यांचें. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वारले आणि त्यांच्या मागें त्यांचा हा धाकटा भाऊ, ऐन तारुण्यांत, गादीवर आला. एक वर्षही पुरें झालें नाहीं तोंच, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, शनिवारवाड्यांत गारद्यांनीं त्याचा वध केला. पगार थकल्याचा गलका करीत गारदी वाड्यांत शिरले आणि जीव वांचविण्यासाठीं चुलते रघुनाथराव यांस मिठी मारणाऱ्या नारायणरावास त्यांनीं कापून काढिलें, असें त्या दिवसाचें वर्णन इतिहासांत येतें. पगाराची ओरड पुढें होती, आणि तिच्या मागें गादीवर डोळा ठेवणाऱ्या चुलत्याचें कारस्थान होतें.

या एका घटनेंत तीन प्रकारचीं माणसें दिसतात. जो शिपाई पगारासाठीं तलवार उपशितो आणि अधिक पैशाच्या आशेनें ती निरपराध्यावर चालवितो, त्यास योहानाचें वचन हवें होतें. जो खजिना शिपायाची बाकी थकवितो, त्यास याकोबाचें वचन हवें होतें. कारण कट करणारांस लपावयास जागा मिळते ती अशा खऱ्या गाऱ्हाण्यांच्याच आड. आणि जो भरल्या घरांतून दुसऱ्याच्या आसनाकडे पाहतो, त्यास दहावी आज्ञा आणि नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा हवी होती. तिघांस मिळून एकच संतोषाचें प्रवचन केलें असतें, तर तिघांनींही तें शेजाऱ्यास उद्देशून आहे असें समजून ऐकिलें असतें.

याच वधाशीं जोडलेली एक दंतकथा महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. रघुनाथरावांच्या पत्रांत नारायणरावास 'धरावें' असें होतें, तें आनंदीबाईनें 'मारावें' असें केलें, अशी ती कथा. 'ध' चा 'मा' करणें हा वाक्प्रचार तीवरूनच निघाला. तिला पक्का पुरावा नाहीं, म्हणून त्या बाईवर दोष ठेवण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु शास्त्राच्या बाबतींत हें पाप आपण सर्वच करितों. संत पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत सर्व अनर्थांचें मूळ म्हणून जें सांगितलें आहे, तें द्रव्य नव्हे, द्रव्याचा लोभ होय. लोकांच्या तोंडीं मात्र पैसा हेंच पापाचें मूळ असें बसलें आहे. एक शब्द गळला आणि अर्थाचा 'ध' चा 'मा' झाला! याचा परिणाम पाहा. आपल्या हक्काचें नाणें मागणारा मजूर पापी दिसूं लागतो, कारण तो पैशाची गोष्ट बोलतो. आणि तें नाणें मुठींत आवळून बसलेला गृहस्थ सभ्य दिसतो, कारण पैशाविषयीं तो अवाक्षरही काढीत नाहीं. त्याच अध्यायांत पौल अन्नवस्त्रांत तृप्त असण्यास सांगतो आणि पुढें थोड्याच ओळींनंतर श्रीमंतांकडे वळून, धनाच्या भरंवशावर राहूं नका, उदार व्हा, आपल्यांतलें दुसऱ्यास द्या, असें बजावतो. एकाच पत्रांत दोन श्रोते आहेत, आणि पौलानें त्यांची गल्लत केलेली नाहीं.

संतोष म्हणजे गप्प बसणें, ही दुसरी चूक. तिचें उत्तरही याच इतिहासांत आहे. पेशवाईचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं त्या वधाचा तपास केला आणि खुद्द रघुनाथरावांस सांगितलें कीं, या पापाला देहान्तावांचून प्रायश्चित्त नाहीं. आणि असल्या राज्यांत आपण काम करणार नाहीं, असें म्हणून ते पुणें सोडून गेले. याच रामशास्त्र्यांविषयीं ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत लिहून ठेविलें आहे कीं, एका दिवसास पुरेल त्याहून अधिक ते घरांत ठेवीत नसत. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायांत एक प्रार्थना आहे. मला दारिद्र्य नको, कारण मी चोरी करीन. श्रीमंतीही नको, कारण मी देवास विसरेन. पुरेशी भाकर मात्र दे, असा तिचा भाव आहे. प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंतही आपण आजची भाकर आजच मागतों. रामशास्त्री ख्रिस्ती नव्हते आणि ही प्रार्थना त्यांच्या कानीं गेली असेल असें मानण्याचें कारण नाहीं. तरी तिचा अर्थ त्यांच्या घरांत दिसत होता. ज्याच्या कोठींत उद्यांचें धान्य नाहीं त्याला नोकरी जाण्याचें भय कसलें? त्यांच्या संतोषानें त्यांचें तोंड बंद केलें नाहीं, उलट मोकळें केलें. आणि त्यांनीं तो संतोष स्वतःच्या कोठीपुरता ठेविला. मारलेल्या नारायणरावाच्या वतीनें त्यांनीं संतोष मानिला नाहीं.

येथून ही कथा आपल्या दारीं येते. नारायणराव गेला तेव्हां त्याची पत्नी गंगाबाई गर्भवती होती. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदर येथें तिला पुत्र झाला. तोच सवाई माधवराव. त्याच्याच कारकीर्दीत, १७९२ सालीं, पेशव्यांच्या फौजेंत चाकरी करणाऱ्या कॅथलिकांच्या उपासनेसाठीं पुण्यांत जागा देण्यांत आली. आज नाना पेठेंत पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या नांवानें जें देऊळ उभें आहे आणि ज्यास सर्व लोक सिटी चर्च म्हणतात, त्याचा आरंभ हा असा आहे. ज्याच्या बापाचा बळी लोभानें घेतला, त्याच्या राज्यांत परधर्मीय चाकरांस उदारपणें जमीन मिळाली. आणि हेंही लक्षांत ठेवावें कीं, या शहराच्या कॅथलिक समाजाचे ते पूर्वज गारद्यांप्रमाणेंच पगारी शिपाई होते. म्हणजे योहानाचें वचन अक्षरशः त्यांसच उद्देशून होतें. त्यांच्यानंतर आले ते खेड्यापाड्यांतून पोटामागें आलेले, आमच्या मावशीसारखे. धन्याच्या हाताकडे पाहून जगणाऱ्या लोकांचा हा समाज आहे. आणि आतां त्याच समाजांतील कित्येक घरीं दुसरी कोणी मावशी कामास येते. एकाच पिढींत आपण श्रोता बदलला आहे. म्हणून आपल्यास लागू पडणारें वचनही बदललें आहे.

पवित्र सभेच्या थोर गुरूंनीं हा भेद फार पूर्वीं ओळखिला होता. जें आहे तें विकून गरिबांस दे, हें प्रभूनें श्रीमंत तरुणास सांगितलेलें वचन मिसर देशांत इ. स. २७० च्या सुमारास संत अंतोनी यानें देवळांत ऐकिलें. तें आपल्यासच सांगितलें आहे असें समजून त्यानें आपली जमीन व चीजवस्तु देऊन टाकिली आणि पुढें तो अरण्यवासी झाला. त्याच देशांतील आलेक्सांद्रिया नगरांत, सुमारें सत्तर वर्षें आधीं, क्लेमेंत नांवाच्या गुरूनें तेंच वचन व्यापारी लोकांस समजावून सांगण्यासाठीं एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हृदयांतली आसक्ति आधीं टाका, असें तो सांगतो. आणि विचारितो कीं, कोणाजवळच कांहीं उरलें नाहीं तर भुकेल्यास अन्न देणार कोण? एका वचनाला दोन आज्ञाधारक मिळाले. एकानें सर्व सोडलें, दुसऱ्यानें सोडावयाचें काय तें शिकविलें. पवित्र सभेनें दोघांसही आपलें मानिलें. पुढें १५ मे १८९१ रोजीं तेरावे लिओ पोप महाराज यांनीं कामगारांच्या स्थितीविषयीं जें परिपत्रक काढिलें, त्यांत कामगारास दंगाधोपा न करण्याचा उपदेश आहे आणि धन्यास न्याय्य वेतन देण्याची आज्ञा आहे. आणि धन्यास बजावतांना त्यांनीं आधार घेतला तो याकोबाच्या त्याच वचनाचा.

नारायण पेठेनें आणखी एक गोष्ट पाहिली आहे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, खडकवासल्याचेंही टिकलें नाहीं, आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. पिढ्यानपिढ्या जमविलेले संसार एका दिवसांत वाहून गेले. पृथ्वीवर संपत्ति सांठवूं नका, या प्रभुवचनाचा दाखला म्हणून तो दिवस सांगतां येईल. परंतु तो कोणी सांगावा? ज्याचें घर वाहून गेलें त्यानें, वर्षांनंतर, स्वतःविषयीं सांगितला तर तें साक्षीचें वचन होईल. ज्याचें घर उंचावर कोरडें राहिलें त्यानें चिखलांत उभ्या असलेल्या शेजाऱ्यास सांगितला, तर तो निर्दयपणा होईल. भावाबहिणीस वस्त्र नाहीं, अन्न नाहीं, आणि त्यांस सुखी राहा म्हणून नुसती वाटेस लावणारी श्रद्धा मेलेली आहे, असें संत याकोबच म्हणतो.

या बाबतींत संत पौलाचें उदाहरण आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटतें. फिलिप्पैकरांस तो लिहितो कीं, असेल त्या स्थितींत तृप्त राहण्यास मी शिकलों आहें. तो हें बंदिवासांतून लिहितो, आणि लिहितो तें स्वतःच्या भुकेविषयीं. तोच पौल यरुशलेमेंतील गरिबांसाठीं मंडळ्यामंडळ्यांतून वर्गणी गोळा करितो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत त्यासाठीं त्यानें दोन अध्याय खर्ची घातले आहेत, आणि तुमची विपुलता त्यांची उणीव भरून काढो म्हणजे समानता होईल, असें तो निःसंकोचपणें लिहितो. यरुशलेमेच्या उपाशी लोकांस, मजप्रमाणें तृप्त असा, असें त्यानें लिहिलें नाहीं. संतोषाचें वचन त्यानें आपल्या ताटांत वाढून घेतलें आणि न्यायाचें वचन शेजाऱ्याच्या ताटांत वाढलें. आम्हीं त्या रविवारीं ताटें उलटीं फिरविलीं होतीं.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मावशीच्या खोलीवर जाऊन तिला सांगितलें, "मावशी, चूक आमची झाली. पगार मागा. तो मागणें हा लोभ नव्हे. न देणें हा लोभ आहे. हवें तर आम्ही बरोबर येतों." ती म्हणाली, "नगं फादर, माजी मी जाते." नाताळच्या सुमारास तिला दोन महिन्यांचे पैसे मिळाले. तिसऱ्या महिन्याचें काय, असें आम्हीं विचारिलें, तेव्हां ती म्हणाली, "त्येंच्या घरात लई आजारपन हाय. ऱ्हाऊ द्या." तो महिना तिनें सोडला, आम्हीं सोडावयास लाविला नाहीं. तिच्या मागण्यांत लोभ नव्हता, आणि तिच्या सोडण्यांत भीति नव्हती. संतोष म्हणजे काय हें आम्हीं त्या दिवशीं तिच्या उंबऱ्यावर शिकलों.

असो. महोत्सवाचा निधि जमत आहे, आणि संतोषाचा उपदेश करणारेच वर्गणी मागतात, असें कोणी थट्टेनें म्हणेल, तर तें आम्ही हंसून ऐकूं. आमची विनंति एवढीच कीं, निधींत देणगी घालण्याच्या आधीं प्रत्येक कुटुंबानें आपल्या घरीं राबणाऱ्याचा पगार चुकता झाला आहे कीं नाहीं, हें पाहावें. वेदीपाशीं दान आणिलें असतां आपल्या भावाचें आपल्याविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर दान तेथेंच ठेवून आधीं त्याच्याकडे जा, अशी प्रभूची आज्ञा आहे. धर्मग्रामाचा झाडूवाला, माळी व स्वयंपाकी यांच्या पगाराची वही आम्हीं हा लेख लिहावयास बसण्यापूर्वीं काढून पाहिली. माळ्याचे चौदा दिवसांचे पैसे राहिले होते; ते दिले, आणि मग लेखणी हातीं घेतली.